आर भाषेत अटी आणि लूप: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत अट तपासणारा इफ आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणारा लूप लिहायचा फॉर यांचे व्याकरण शिकायला फार वेळ लागत नाही. तरीही आरमधले लूप त्याच त्या जागी फसतात. अटीतून एका उत्तराऐवजी शंभर उत्तरे येतात, मधेच एनए (नोंद नसल्याची खूण) निघतो, निकाल ठेवायला जागाच केलेली नसते, नाहीतर डेटा रिकामा असूनही लूप दोनदा फिरतो. यातल्या काही चुका लाल अक्षरांत एरर देऊन थांबतात. त्या परवडल्या. बाकीच्या चुका मुकाट्याने चुकीचा आकडा हातात ठेवतात आणि तो आकडा थेट अहवालात जातो. खालचा क्रम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या चुका टाळण्यासाठी आहे.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. ट्रू, फॉल्स, एनए आणि नल हे चार शब्द मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायचे. नावांमधला टिंब आणि अंडरस्कोर जसाच्या तसा ठेवायचा. व्हेरिएबलची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत.

सरावासाठी आरसोबतच येणारी एअरक्वालिटी ही डेटा फ्रेम (ओळी आणि कॉलमचा तक्ता) घ्या. तिच्यात १५३ ओळी आणि ६ कॉलम आहेत. मे ते सप्टेंबर १९७३ या काळात न्यूयॉर्कमध्ये रोज घेतलेल्या हवेच्या नोंदी आहेत त्या. ओझोन कॉलममध्ये ३७ एनए आहेत, म्हणजे खऱ्या डेटात जशी भोके असतात तशी इथेही आहेत. ओझोन आणि मंथ ही कॉलमची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

## १. आधी ठरवा: प्रश्न एका मूल्याचा की अख्ख्या कॉलमचा?

आरमध्ये सुटे मूल्य असे काही नसतेच. एकटा ५ हा आकडासुद्धा एक लांबीचा व्हेक्टर (मूल्यांची रांग) असतो. त्यामुळे दुसऱ्या भाषेत लूप लावावा लागणारी बरीच कामे इथे एका ओळीत होतात. ओझोन ६० पेक्षा जास्त आहे का, हे कॉलमला एकदाच विचारले की १५३ उत्तरे एकदम मिळतात. असे दिवस किती, हे मोजायला लूप नको (एनए.आरएम = ट्रू म्हणजे एनए वगळून):

```
सम(एअरक्वालिटी$ओझोन > ६०, एनए.आरएम = ट्रू)
```

प्रश्न अख्ख्या कॉलमचा असेल तर इफ आणि फॉर दोन्ही बाजूला ठेवा. लूप खरोखर लागतो तो अशा कामांना: पुढची पायरी मागच्या पायरीच्या निकालावर अवलंबून असते, एकामागून एक फाइली वाचायच्या असतात, प्रत्येक गटाचा आलेख वेगळा साठवायचा असतो, किंवा सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवायचे असते.

‘आरमधले लूप संथ असतात’ हे ऐकून लूप लिहायलाच घाबरणारेही पुष्कळ आहेत. ती भीती आता जुनी झाली. २०१७ साली आलेल्या ३.४.० आवृत्तीपासून लूप आणि फंक्शने आपोआप बाइटकोडमध्ये कंपाइल होतात. लूप रखडतो तो बहुधा निकाल साठवण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे. ती पाचव्या टप्प्यात पाहू.

तपासणी: एकही अट लिहिण्याआधी कॉलमवर एसटीआर (कॉलमचा प्रकार दाखवणारी आज्ञा) चालवा आणि सम(इज.एनए(…)) ने एनए मोजा. आकड्यांचा कॉलम मजकूर म्हणून वाचला गेला असेल तर तुलनाही मजकुरासारखी होते. तेव्हा अवतरणातला "९" हा १० पेक्षा मोठा ठरतो, आणि आर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

## २. अट एकटी चालवून पाहा

इफच्या गोल कंसात नेमके एक उत्तर हवे: ट्रू किंवा फॉल्स. कंसातला मजकूर कॉपी करून कन्सोलमध्ये एकटाच चालवा. एकच ट्रू किंवा फॉल्स दिसला तरच पुढे जा. एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्म्या एरर उद्भवतच नाहीत. उरलेल्यांपैकी तीन ओळखून ठेवा.

‘द कंडिशन हॅज लेंग्थ > १’ याचा अर्थ तुम्ही इफला अख्खा कॉलम दिला. २०२२ मधल्या ४.२.० आवृत्तीपासून ही एरर आहे. त्याआधी आर फक्त पहिले मूल्य पाहायची, एक वॉर्निंग द्यायची आणि पुढे जायची. म्हणून जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत अडली तर आवृत्तीला दोष देऊ नका. ती स्क्रिप्ट आधीही चुकीचेच उत्तर देत होती.

‘मिसिंग व्हॅल्यू व्हेअर ट्रू/फॉल्स नीडेड’ म्हणजे अटीचे उत्तर एनए आले. एनए ची कशाशीही तुलना केली तरी उत्तर एनए येते, अगदी एनए == एनए याचेही. त्यामुळे एनए शोधायला == चालत नाही, इज.एनए लागते.

‘आर्ग्युमेंट इज ऑफ लेंग्थ झीरो’ म्हणजे उत्तरच आले नाही. नव्वद टक्के वेळा कॉलमचे नाव चुकलेले असते असे समजून तिथूनच शोध सुरू करा. एअरक्वालिटी$ओझोन मधला ओझोन छोट्या अक्षराने लिहून पाहा: एरर येत नाही, गुपचूप नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो. नल ची ६० शी तुलना केली की शून्य लांबीचे उत्तर येते आणि इफ तिथे अडतो. डॉलर चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणात नाव देऊन [ , "ओझोन"] असे लिहिले तर चुकीच्या नावावर लगेच एरर येते, म्हणून लांब स्क्रिप्टमध्ये मी तेच सुचवेन.

### दोन अटी जोडताना

इफच्या आत दुहेरी चिन्हे वापरा, && आणि ||. कॉलमवर काम करताना एकेरी, & आणि |. दुहेरी चिन्ह डावीकडून वाचते आणि उत्तर ठरले की थांबते. त्यामुळे आधी पहारा, मग तुलना असा क्रम लावता येतो:

```
इफ (!इज.एनए(ओ) && ओ > ६०) {
```

ओ हा एनए असेल तर डावी बाजूच फॉल्स होते आणि उजवी बाजू पाहिलीच जात नाही. २०२३ च्या ४.३.० आवृत्तीपासून दुहेरी चिन्हाच्या कुठल्याही बाजूला एकाहून जास्त मूल्ये दिली तर एरर येते. हा बदल चांगलाच आहे.

### ‘यांपैकी कोणतेही’ विचारताना

इथली चूक फार महागात पडते, म्हणून आकड्यांसह पाहू. मे, जून आणि जुलैच्या ओळी हव्या आहेत आणि तुम्ही लिहिले:

```
एअरक्वालिटी$मंथ == सी(५, ६, ७)
```

आर तीन मूल्यांचा व्हेक्टर पुन्हा पुन्हा वापरून १५३ पर्यंत ताणते. पहिल्या ओळीची तुलना ५ शी, दुसरीची ६ शी, तिसरीची ७ शी, चौथीची परत ५ शी. १५३ ला ३ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे वॉर्निंगसुद्धा येत नाही. या तीन महिन्यांचे दिवस ९२ आहेत. वरच्या ओळीतून ट्रू मिळतात फक्त ३१. बरोबर लिहिणे असे:

```
एअरक्वालिटी$मंथ %इन% सी(५, ६, ७)
```

%इन% चा आणखी एक फायदा म्हणजे त्याचे उत्तर कधीच एनए येत नाही.

इशारा: ऋण संख्येशी तुलना करताना < आणि - यांच्यामध्ये जागा सोडा. जागा न सोडता लिहिलेले इफ (एक्स<-५) हे तुलना करतच नाही. ते एक्समध्ये ५ भरते, आणि ५ हा शून्य नसल्यामुळे अट खरी ठरते. एका फटक्यात डेटाही गेला आणि निर्णयही चुकला.

दशांश संख्यांना == लावू नका. ०.१ + ०.२ == ०.३ याचे उत्तर फॉल्स येते, कारण संगणक हे अपूर्णांक अगदी नेमके साठवू शकत नाही. त्यासाठी इजट्रू(ऑल.इक्वल(अ, ब)) असे लिहा (इजट्रू मधला ट्रू पूर्ण मोठ्या अक्षरांत). ऑल.इक्वल एकटे वापरू नका, कारण फरक असेल तेव्हा ते फॉल्स न देता फरकाचे वर्णन करणारे वाक्य देते, आणि इफला वाक्य चालत नाही.

## ३. इफ आणि एल्स लिहा

```
इफ (इज.एनए(ओ)) {
  शेरा <- "नोंद नाही"
} एल्स इफ (ओ > १००) {
  शेरा <- "फार जास्त"
} एल्स इफ (ओ > ६०) {
  शेरा <- "जास्त"
} एल्स {
  शेरा <- "कमी"
}
```

क्रम पाहा. एनए ची चौकशी सर्वांत आधी, मग सर्वांत कडक अट, मग सैल. अटी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली खरी ठरली की बाकीच्या सोडल्या जातात. ६० ची अट १०० च्या आधी लिहिली तर ‘फार जास्त’ पर्यंत कोणी पोचणारच नाही.

एल्स हा शब्द आधीच्या बंद महिरपी कंसाच्याच ओळीत हवा. खालच्या ओळीवर लिहिला तर कन्सोल वरच्या ओळीलाच वाक्य संपले असे मानतो आणि एकटा एल्स दिसल्यावर ‘अनएक्स्पेक्टेड एल्स’ म्हणतो. फंक्शनच्या आत हीच मांडणी चालून जाते, त्यामुळे ‘काल चालत होते, आज चालत नाही’ असा भ्रम होतो.

## ४. कॉलमसाठी इफएल्स आणि कट

कॉलमभर दोन पर्याय भरायचे असतील तर इफएल्स हे एकच जोडून लिहिलेले फंक्शन आहे: अट, खरे असल्यास काय, खोटे असल्यास काय. अट एनए असेल तिथे उत्तरही एनए राहते आणि ते योग्यच आहे.

उत्तराची लांबी मात्र अटीवरून ठरते. अट एकच मूल्याची आणि ‘खरे असल्यास’ मध्ये दहा मूल्यांचा व्हेक्टर दिला तर फक्त पहिले मूल्य मिळते. तारखांवर वापरले तर तारखेचा वेश उतरतो: १ जानेवारी २०२४ ऐवजी १९७२३ असा आकडा दिसतो, कारण आर तारखा १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत साठवते. फॅक्टरचेही (ठरावीक गटनावांच्या कॉलमचेही) तसेच, नावांऐवजी आतले क्रमांक बाहेर येतात. डीप्लायर पॅकेजमधले इफ_एल्स तारखा सांभाळते, तेव्हा तारखांच्या कॉलमवर ते वापरा.

तीन-चार पट्टे पाडायचे असतील तर इफएल्सच्या आत इफएल्स घालत बसू नका. आकड्यांसाठी कट वापरा. त्यात पट्ट्याची वरची सीमा आत आणि खालची बाहेर धरली जाते. म्हणजे ० ते ६० या पट्ट्यात ६० येतो, ० येत नाही. तो एनए होतो. ० हवा असेल तर इन्क्लूड.लोएस्ट = ट्रू द्या.

## ५. लूपच्या आधी निकालाची जागा तयार करा

सर्वाधिक दिसणारी पद्धत अशी: रिकामा व्हेक्टर घ्यायचा आणि प्रत्येक फेरीत निकाल <- सी(निकाल, नवे) म्हणत शेपूट वाढवायचे. यात प्रत्येक फेरीला जुना सगळा निकाल नव्याने कॉपी होतो. शंभर फेऱ्यांत काही जाणवत नाही, लाखभर फेऱ्यांत यंत्र धापा टाकू लागते. डेटा फ्रेमला आरबाइंडने एकेक ओळ जोडणे त्याहून जड.

किती निकाल येणार हे आधी माहीत असते. तेवढी जागा आधीच करा. आकडे किंवा मजकूर असेल तर रेप(एनए, किती), डेटा फ्रेम किंवा मॉडेल असेल तर व्हेक्टर("लिस्ट", किती). न्यूमेरिक(किती) सुद्धा चालते, पण त्यात शून्ये भरलेली असतात. एखादी जागा भरायची राहिली तर शून्य खऱ्या निकालासारखे दिसते आणि सरासरीत मिसळून जाते. एनए लपून राहत नाही, म्हणून मी कायम एनए च भरायला सांगतो.

## ६. फॉर लिहा, तोही जागांवरून

महिनावार सरासरी टॅप्लायने एका ओळीत येते, पण पद्धत समजायला हे उदाहरण सोयीचे आहे:

```
महिने <- युनिक(एअरक्वालिटी$मंथ)
सरासरी <- रेप(एनए, लेंग्थ(महिने))

फॉर (आय इन सेक_अलाँग(महिने)) {
  ओळी <- एअरक्वालिटी$मंथ == महिने[आय]
  सरासरी[आय] <- मीन(एअरक्वालिटी$ओझोन[ओळी], एनए.आरएम = ट्रू)
}
```

उत्तरे अंदाजे २३.६२, २९.४४, ५९.१२, ५९.९६ आणि ३१.४५ अशी यायला हवीत. यातला जूनचा आकडा जपून वापरा: त्या महिन्यातल्या ३० पैकी २१ नोंदी एनए आहेत, म्हणजे सरासरी फक्त ९ दिवसांची आहे. एनए.आरएम हे सांगत नाही. म्हणून किती नोंदी वापरल्या तेही त्याच लूपमध्ये दुसऱ्या व्हेक्टरमध्ये मोजून ठेवा.

आता हाच लूप ‘फॉर (म इन महिने)’ असा लिहून आत सरासरी[म] भरले तर? महिने ५ ते ९ आहेत. आर पाचव्या ते नवव्या जागेत निकाल भरते, व्हेक्टर आपणहून नऊ लांबीचा होतो आणि पहिल्या चार जागा तशाच राहतात. सुरुवात न्यूमेरिकने केली असती तर तिथे चार शून्ये बसली असती. मूल्य आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साठवायचे असेल तर लूप जागेवरून फिरवा आणि मूल्य महिने[आय] असे आत उचला. तारखांवर थेट लूप फिरवला तर तिथेही तारखेऐवजी आकडा हाती येतो. जागेवरून फिरवल्यास तो प्रश्नही सुटतो.

इशारा: १:लेंग्थ(एक्स) लिहू नका. एक्स रिकामा असेल तर ते १:० होते, म्हणजे १ आणि मग ०, आणि लूप दोनदा फिरतो. सेक_अलाँग(एक्स) रिकाम्यावर एकदाही फिरत नाही. ओळींवरून जायचे असेल तर सेक_लेन(एनरो(डेटा)). आणि १:एन-१ म्हणजे १ ते एन-१ नव्हे. आधी १:एन तयार होते, मग सगळ्यांतून १ वजा होतो, म्हणजे मालिका ० पासून सुरू होते. कंस घाला: १:(एन-१).

लूपच्या आत नुसते व्हेरिएबलचे नाव लिहून काही छापले जात नाही, प्रिंट लिहावे लागते. जीजीप्लॉटचे आलेख लूपमधून रिकामे येतात तेही याच कारणाने.

## ७. एक फेरी हाताने फिरवा

लूप एकदम चालवू नका. कन्सोलमध्ये आय <- १ लिहा आणि महिरपी कंसाच्या आतल्या ओळी एकेक करून चालवा. बरोबर आले की शेवटच्या जागेसाठी तेच करा. मगच पूर्ण लूप.

मधेच एरर आली तर लगेच कन्सोलमध्ये आय टाइप करा. फॉर स्वतःची वेगळी खोली तयार करत नाही, त्यामुळे आय तिथेच, अडलेल्या फेरीच्या आकड्यावर उभा असतो. ओझोन कॉलमवर पहारा न ठेवता इफ फिरवून पाहा: लूप थांबतो तेव्हा आय ५ असतो, कारण पाचवीच नोंद एनए आहे. कुठे पाहायचे ते कळले. याच कारणाने जुन्या आय किंवा जुन्या निकालाचे अवशेषही सेशनमध्ये राहतात. शेवटची खात्री करताना आर नव्याने सुरू करून स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवा.

## ८. व्हाइल: बाहेर पडायची वाट आधी

किती फेऱ्या लागतील हे माहीत नसेल तरच व्हाइल (अट खरी असेपर्यंत फिरणारा लूप) किंवा रिपीट (आपण थांबवेपर्यंत फिरणारा) घ्या. एक्स शून्यापासून ०.१ ने वाढवत ‘व्हाइल (एक्स != १)’ लिहिले तर लूप कधीच थांबत नाही: दहा वेळा मिळवूनही बेरीज १ च्या किंचित अलीकडे राहते आणि पुढच्या फेरीत १ ओलांडून जाते. != ऐवजी < वापरा, आणि शिवाय फेऱ्यांची कमाल मर्यादा अटीतच && ने जोडा. लूप मर्यादा गाठून थांबला की उत्तर सापडून, हे नंतर तपासा. दोन्हींचा अर्थ एक नाही. अडकलाच तर आरस्टुडिओमध्ये एस्केप, टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी.

## ९. फाइलींचा लूप: एक बिघडली म्हणून सगळे थांबू नये

दोनशे फाइली वाचताना एकशे बाराव्या फाइलीवर लूप कोसळला तर वेळ फुकट जातो. वाचण्याची ओळ एरर झेलणाऱ्या ट्रायकॅचमध्ये ठेवा (कॅचचे पहिले अक्षर मोठे):

```
निकाल <- व्हेक्टर("लिस्ट", लेंग्थ(फाइली))

फॉर (आय इन सेक_अलाँग(फाइली)) {
  उत्तर <- ट्रायकॅच(
    रीड.सीएसव्ही(फाइली[आय]),
    एरर = फंक्शन(ई) नल
  )
  इफ (!इज.नल(उत्तर)) निकाल[[आय]] <- उत्तर
}
```

शेवटच्या ओळीतला इफ गाळू नका. लिस्टच्या जागेत नल भरणे म्हणजे ती जागा रिकामी ठेवणे नव्हे. आर ती जागाच काढून टाकते, लिस्ट आखूड होते आणि शेवटची फाइल बिघडलेली असेल तर निकालांची संख्या फाइलींच्या संख्येशी जुळत नाही. दुसरे म्हणजे, एरर च्या पुढे दिलेले फंक्शन खरोखर फंक्शन आहे, त्याच्या आत निकाल[[आय]] मध्ये काही भरले तरी ते बाहेर पोचत नाही. म्हणून मूल्य परत करायचे आणि बाहेर साठवायचे.

लूप संपल्यावर राहिलेल्या फाइली अशा काढा:

```
फाइली[व्हॅप्लाय(निकाल, इज.नल, लॉजिकल(१))]
```

ही यादी रिकामी नसेल तर त्यातली पहिली फाइल ट्रायकॅचशिवाय उघडा आणि खरी एरर वाचा. सगळ्या दुरुस्त झाल्या की डू.कॉल(आरबाइंड, निकाल) ने एकदाच जोडा, आणि जोडलेल्या ओळींची संख्या सुट्या फाइलींच्या ओळींच्या बेरजेशी ताडून पाहा.